उत्तरलेखन उद्यापासून? चालढकल मोडून रोज लिहायला बसण्याबद्दल

पाटीपेन्सिल
मंडळी नमस्कार. हा धागा मुख्यतः राज्यसेवा आणि युपीएससी करणाऱ्या मुलामुलींसाठी काढतोय, पण ज्यांचा प्रबंध अडकलाय किंवा ऑफिसचा एखादा रिपोर्ट महिनोन् महिने लटकलाय त्यांनीही जरूर लिहा, दुखणं एकच आहे. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मुलांची उत्तरं तपासून देतो. क्लास वगैरे नाही, आवड म्हणून.

राज्यसेवा मुख्य २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं स्वतः लिहायची, ९ पेपर, १७५० गुण, हे सगळ्यांना माहितीय. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती ती या नव्या पद्धतीच्या तयारीला वेळ द्या म्हणून, आणि आयोगाने तो दिलाही. मागणी रास्तच होती. पण तो वेळ गेला कुठे? माझ्यासमोरच्या बऱ्याच मुलांचा तो वाचण्यात गेला. नोट्स, नोट्सच्या नोट्स, टेलिग्रामवरच्या पीडीएफ, टॉपरच्या मुलाखती. उत्तर लिहायचं मात्र "सिलॅबस एकदा पूर्ण झाला की".

यांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सकाळी ७ ला येऊन रात्री ११ ला जाणारं पोरगं आळशी कसं? दिवसभर मान खाली घालून वाचतं, तीन रंगांचे हायलायटर चालवतं, पण कोरा कागद पुढे आला की पाणी प्यायला उठतं, तिथून चहाला, तिथून मित्राच्या रूमवर. वाचताना आपण कुठे आहोत ते कळत नाही. लिहिलं की लगेच कळतं, आणि तेच नको असतं.

एक उदाहरण देतो. एकाला प्रश्न दिला, महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन करा. तोंडी विचारलं तर धडाधड सांगतो, वि. स. पागे, १९६५ चा तासगाव तालुक्यातला प्रयोग, ७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, मग केंद्राचा २००५ चा कायदा. सगळं पाठ. म्हटलं आता हेच लिही. तर म्हणे सर अजून एकदा वाचून घेतो, उद्या देतो. उद्याचं परवा झालं, परवाचं सोमवारी. शेवटी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं वाईट लिही, मला वाईटच उत्तर पाहिजे. तेव्हा पेन चाललं. आलेल्या उत्तरात सनावळी भरपूर आणि मूल्यमापन शून्य. मजुरी वेळेवर मिळत होती का, बायकांना काम मिळालं का, कामं पुढे टिकली का, एक ओळ नाही. अजून चार वेळा वाचून हे त्याला दिसलं नसतं, लिहिलं म्हणून दिसलं. आणि एकदा दिसल्यावर दुसरं उत्तर त्याने त्याच रात्री आणून दिलं.

आता करायचं काय, तर माझं म्हणणं सरळ आहे. "रोज लिहीन" हा संकल्प कुचकामी आहे. कधी, कुठे आणि कशाच्या पाठोपाठ हे ठरलं पाहिजे. पीटर गॉलविट्झर म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांचं यावर बरंच काम आहे. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं की नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांत लिहून पाठवा. निम्म्यांना आधीच ठरवायला लावलं की कधी आणि कुठे बसून लिहिणार. ज्यांनी ठरवलं त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जणांनी लिहून पाठवलं, बाकीच्यांत फक्त एक तृतीयांशांनी. ऐन सुट्टीत, सगळं घर मजेत असताना! म्हणून मी मुलांकडून एकच वाक्य लिहून घेतो. "मेसवरून जेवून आलो की फोन लॉकरमध्ये टाकून पहिलं एक उत्तर लिहीन, मग बाकी सगळं." हे वाक्य टेबलावर समोर चिकटवायचं. जेवण रोज होतंच, त्यामुळे आठवण करायला वेगळं काही लागत नाही.

आणि एकच उत्तर, दहा नाही. बोला आता.

गोदाकाठ
सर एकदम मनातलं बोललात. मी नांदेडचा, दुसरं वर्ष पुण्यात. टेस्ट सिरीज लावली, पैसे घरच्यांनी सोयाबीन विकून दिले, आणि पेपर सबमिट केलेच नाहीत म्हणजे डाऊनलोड करून ठेवलेत सगळे. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागायचं आणि सकाळी म्हणायचं आज डोकं चालत नाही, पुढच्या रविवारी देतो. मला कळतंय की मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतोय पण वळत नाही. हे असं का होतं?

तिसरीघंटा
गोदाकाठ, मी समुपदेशक आहे म्हणून लिहिते. तुम्ही जे वर्णन केलंत त्यावर १९७८ पासून अभ्यास झालाय. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या दोघांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला दिले, काहींना मुद्दाम न सुटणारे, आणि तरी सगळ्यांना सांगितलं की छान केलंत. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन गोळ्यांतून एक निवडायला सांगितली, एक म्हणे डोकं तल्लख करते आणि दुसरी मंद करते. ज्यांना आपलं यश कशामुळे आलं तेच कळलं नव्हतं त्या मुलग्यांचा ओढा मंद करणाऱ्या गोळीकडे दिसला. का? नापास झालो तर गोळीवर ढकलता येईल, आपल्या बुद्धीवर डाग नाही.

तुमचं रात्री दोनपर्यंतचं जागरण ही तीच गोळी आहे. घरच्यांनी सोयाबीन विकून पैसे दिले म्हणता ना, मग पेपरात कमी मार्क आले तर ते नुसते मार्क राहत नाहीत, सगळ्या घराचा निकाल लागल्यासारखं वाटतं. इतकं ओझं घेऊन कोणीही पळवाट शोधेल. त्यामुळे स्वतःला शिव्या देणं पहिलं बंद करा आणि पेपर तपासून घेताना एक काम करा, मार्क काढून टाकायला सांगा. नुसते शेरे घ्या, निदान सुरुवातीला.

पाटीपेन्सिल
तिसरीघंटा ताई, मार्क न देण्याबद्दल १०० टक्के अनुमोदन. मी पहिला महिनाभर मार्क देतच नाही. प्रत्येक उत्तराखाली दोनच गोष्टी लिहितो, काय जमलंय आणि उद्याच्या उत्तरात कोणती एकच गोष्ट बदलायची. एकच. पाच सांगितल्या की पोरगं परत वाचायला पळतं.

कडूलिंब
मला थोडा वेगळा सूर लावायचाय. हे सगळं आधीही खूप ऐकलंय. २१ दिवस करा मग सवय लागते म्हणतात, मी २१ काय जास्तच दिवस केलं, मग दिवाळीला गावी गेलो आणि आलो तो ये रे माझ्या मागल्या. सवय बिवय काही लागत नाही, ज्याच्यात जिद्द असते तो करतो.

रानजाई
२१ दिवसाला काही आधार नाहीये हो. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, त्यातलं "किमान" गळालं, चेहरा पण गळाला आणि २१ तेवढं राहिलं. खरं मोजलं ते लंडनला फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ९६ जणांवर, १२ आठवडे. नाश्त्यानंतर अमुक करायचं, जेवणानंतर तमुक अशा साध्या सवयी. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस आणि माणसामाणसांत फरक केवढा, १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज. म्हणजे तुम्हाला २१ दिवसांत नाही लागली यात तुमच्या जिद्दीचा काही संबंध नाही, अजून व्हायची होती.

आणि त्याच अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नव्हता. आपण काय करतो, एक दिवस चुकला की अख्खा आठवडा सोडून देतो, म्हणतो आता सोमवारपासून नव्याने. सोमवार, एक तारीख, पाडवा. नुकसान त्या सोमवारच्या वाट बघण्याने होतं.

पाटीपेन्सिल
रानजाई, फार छान लिहिलंत.
कडूलिंब, दिवाळीचा मुद्दा तुम्ही मांडलात ते बरं झालं कारण माझ्याकडची मुलंही तिथेच गळतात. त्याचं कारण जिद्द संपणं वगैरे नाही, पुण्यातली सवय पुण्यातल्या गोष्टींना बांधलेली असते. अभ्यासिका, मेस, लॉकर, शेजारी बसलेला पार्टनर. गावी यातलं काहीच नाही. तिथे पाहुणे येतात, शेतात जावं लागतं, रात्री आई म्हणते बस जरा. म्हणून मी दिवाळीच्या आधी प्रत्येकाकडून गावचं वेगळं वाक्य लिहून घेतो. अट एवढीच की ते हास्यास्पद वाटेल इतकं लहान पाहिजे. "सकाळचा चहा झाला की ओसरीवर बसून एका प्रश्नाची फक्त प्रस्तावना, तीन ओळी." तीन ओळींनी अभ्यास होत नाही हे मान्य, पण परत आल्यावर जो पंधरवडा गाडी रुळावर आणण्यात जातो तो वाचतो. गेल्या दिवाळीला ज्यांनी हे केलं ते आल्या दिवशी बसले लिहायला, ज्यांनी केलं नाही त्यांचं डिसेंबर उजाडलं.

वऱ्हाडी_ठेचा
मी अकोल्याचा, पाच वर्षं तयारी केली आता क्लर्क आहे मंत्रालयात, समाधानी आहे. नव्या पोरांना एक सांगाचं आहे, ते टाइमटेबल बनवणं बंद करा बावा. आमच्या रूमवर भिंतभर टाइमटेबल होतं, सकाळी ४ ला उठणे ते रात्री १२ ला झोपणे, १४ तास अभ्यास, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. बनवायला अख्खा रविवार जाये. मंगळवारी मोडे. मग पुढच्या रविवारी नवं. ते टाइमटेबल पाळण्यासाठी नव्हतंच, ते मोडण्यासाठीच बनवलं होतं, आता कळते. कारण १४ तासाचं मोडलं की आपण म्हणू शकतो की पाहा मी किती मोठं ठरवलं होतं. अर्ध्या तासाचं मोडलं तर तोंड कुठं लपवणार?

सागरगोटा
वऱ्हाडी दादा, टाइमटेबलबद्दल १००% बरोबर. मी जर्मनीत पीएचडी लिहितेय, परीक्षा नाही पण लोचा सेम. माझ्या बाबतीत "अजून एक पेपर वाचते मग लिहिते" असं चालतं. इथे आम्ही काही जणींनी सकाळचा एक तास व्हिडिओ कॉल लावून ठेवलाय, कोणी कोणाशी बोलत नाही, सुरुवातीला प्रत्येकीने सांगायचं आज कुठला परिच्छेद, आणि तास संपला की झालं का नाही ते सांगायचं, बस. एक नाशिकची आहे, एक केनियाची, एक इथलीच. दुसऱ्या कोणासमोर बोललेली गोष्ट टाळणं मला जड जातं, स्वतःशी ठरवलेली सहज टाळता येते. पुण्यात तर शेजारी शेजारी बसता तुम्ही सगळे, याचा उपयोग करून घ्या ना.

गोदाकाठ
मित्राकडे ५०० रुपये ठेवायचे आणि लिहिलं नाही तर ते गेले, असं काही जण करतात आमच्याकडे, ते कसं वाटतं?

पाटीपेन्सिल
मला नाही आवडत. ज्याच्या खिशात महिन्याचे मेसचे पैसे जेमतेम असतात त्याला दंड लावला की दोनच गोष्टी होतात, एक तर तो मित्राला टाळायला लागतो नाही तर कसंबसं काहीतरी खरडून देतो. पैशाऐवजी वही अदलाबदल करा. रात्री १० ला तुझी वही त्याच्याकडे, त्याची तुझ्याकडे, सकाळी शेरा लिहून परत. वही कोरी असली तरी द्यायची, हा नियम फार महत्त्वाचा आहे. कोरी वही दिली तरी मैत्री राहते हे एकदा कळलं की लपवाछपवी थांबते.

रानजाई
मी नोकरी, सात वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असं सगळं सांभाळून विभागीय परीक्षेची तयारी करतेय, साताऱ्यात. तुमचं ते जेवल्यावर फोन लॉकरमध्ये वगैरे मुलांना ठीक आहे, माझ्या दिवसात स्वतःची अशी ठराविक वेळच नाही. कधी मुलगी आजारी, कधी ऑफिसात उशीर. मग मी घड्याळ सोडून दिलं आणि कामाला जोडलं. पोळ्या झाल्या, गॅस बंद केला, ओटा पुसला की तिथेच ओट्याजवळच्या स्टुलावर बसून लिहायचं, आतल्या खोलीत गेले की संपलं. वही डब्यांच्या मागे ठेवलेली असते. कधी साडेआठला होतं कधी साडेदहाला पण ओटा पुसल्याशिवाय दिवस संपत नाही त्यामुळे होतंच. आणि घरच्यांना स्पष्ट सांगितलंय की मी स्टुलावर आहे तोपर्यंत पाणीसुद्धा मागायचं नाही. सुरुवातीला कुरबुर झाली, आता मुलगीच आजोबांना थांबवते. बायकांनी हे मागून घ्यायला पाहिजे असं मला फार वाटतं, सवय लावणं नुसतं आपल्या हातात नसतं, घरानेही जागा द्यावी लागते.

तिसरीघंटा
रानजाई, शेवटचं वाक्य अगदी पटलं.
मला अजून एक मुद्दा मांडायचाय आणि तो जरा गंभीर आहे. लिहायला न बसणं ही प्रत्येक वेळी चालढकल नसते. झोप उडालीय किंवा दिवसभर झोपच येतेय, जेवण जात नाही, आधी आवडायच्या त्या गोष्टींतही मन लागत नाही, घरचे फोन उचलावेसे वाटत नाहीत आणि हे सलग दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर कृपा करून सवयींचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना भेटा. लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, प्रत्येक ठिकाणी अर्धवट राहत असेल, तर तेही तपासून घेण्यासारखं आहे, त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पेठांमधल्या रूमवर चार-चार मुलं राहतात आणि एकाचं काय चाललंय ते बाकीच्या तिघांना माहीत नसतं. आपला रूममेट महिनाभर गप्प गप्प असेल तर विचारा.

कडूलिंब
हे वाचून जरा विचारात पडलोय. एक विचारू का, चुकलेल्या दिवसाबद्दल रानजाई म्हणाल्या फरक पडत नाही. पण मग स्वतःला माफ करत गेलं तर माणूस सैल नाही का होणार? थोडा धाक पाहिजेच ना.

तिसरीघंटा
चांगला प्रश्न आहे. यावर कॅनडात कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर अभ्यास झालाय, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी ज्यांनी चालढकल केली होती त्यांच्यापैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. कारण समजून घ्या. काम टाळल्यावर अपराधी वाटतं, मग ते काम समोर आलं की ती भावनाच आधी समोर येते, आणि तिच्यापासून पळायला आपण परत काम टाळतो. माफ करणं म्हणजे झालं ते बरं झालं म्हणणं नव्हे. झालं, माझ्याकडून झालं, आता आजचं उत्तर काढ, एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा
धाकानं आमच्या बॅचचं तर काही भलं झालं नाही. घरून फोन आला की अभ्यास कसा चालू आहे, की दोन दिवस पुस्तक उघडावंसं वाटत नसे. घरच्यांनी हे वाचत असाल तर "आज काय लिहिलं, वाचून दाखव" असं विचारा, निकालाचं विचारू नका. माझी आई आठवीपर्यंत शिकलेली, तिला मी फोनवर निबंध वाचून दाखवत असे. ती म्हणे हे मला समजलं, हे नाही समजलं. जे तिला समजत नसे ते खरंच गचाळ लिहिलेलं असे.

सागरगोटा
आईला वाचून दाखवायची आयडिया भारीच आहे!! मी पण करून बघते, मराठीत सांगावं लागलं की मलाच कळेल काय म्हणायचंय ते.

गोदाकाठ
सर, मी आज वाक्य लिहून टेबलावर चिकटवलं. "मेसवरून आलो की फोन लॉकरला, मग एक उत्तर." रूममेटशी वहीचं पण बोललो, तो पण तयार आहे, त्याचेही पेपर पडूनच आहेत. फक्त एक शंका, वेळ लावून लिहायचं का? युपीएससीला ३ तासांत २० प्रश्न म्हणजे एकाला ९ मिनिटं, माझं एक उत्तर पाऊण तास चालतं.

पाटीपेन्सिल
आत्ता वेळ लावू नको. पाऊण तास लागू दे नाही तर तास लागू दे, उठायचं नाही एवढंच बघ. हात बसला की आधी तीस मिनिटं, मग वीस, मग पंधरा असं खाली ये, घाई करून नऊवर उडी मारलीस की उत्तर अर्धवट राहील आणि तेच कारण धरून दुसऱ्या दिवशी टाळशील. आणि जुन्या टेस्ट सिरीजच्या पेपरमधलाच एक एक प्रश्न रोज घे, अख्खा पेपर सोडवायच्या मागे लागू नको. आजचा प्रश्न मी देतो, मराठवाड्यातील पाणीटंचाईची कारणे सांगून उपाययोजनांची चर्चा करा. तू नांदेडचा आहेस, पुस्तक न उघडता लिही. गोदावरी दारातून वाहते तरी उन्हाळ्यात टँकर का लागतो हे तू पाहिलंयस. रात्री १० ला वही रूममेटकडे जाऊ दे, उद्या संध्याकाळी मला आणून दाखव, मी साडेसातनंतर अभ्यासिकेत असतो. इतर कोणाला लिहायचं असेल तर इथेच प्रतिसादात टाका, टाइप केलेलं चालेल, जमेल तसं वाचून प्रत्येकाला एक शेरा नक्की देईन.